चुंबकत्व शाबूत, गोंद निकामी

जुन्या ध्वनिफितींचा विषय निघाला की मुंबईत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘इतक्या वर्षांत टेपवरचे चुंबकत्व उतरले असेल, आता तिच्यात काय उरले असणार?’ या एका समजुतीपायी माळ्यावरची स्पूल, म्हणजे टेप गुंडाळलेली चक्रे, रद्दीबरोबर भंगारात जातात. समजूत मात्र चुकीची आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ ते १९७२ या काळात ध्वनिमुद्रित झालेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या टेप २०१७ साली पॉल पुर्गस या ब्रिटिश संगीतकाराला संस्थेच्या संग्रहात सापडल्या. त्या वाजल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्धही झाल्या. अर्धशतक लोटले तरी चुंबकत्व जागच्या जागी होते.

त्या टेप कोणाच्या होत्या, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. गीता साराभाई यांच्या पुढाकाराने अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर १९६९ मध्ये एनआयडीत आले आणि त्यांनी मूग सिंथेसायझर (विजेच्या साहाय्याने आवाज घडवणारे यंत्र) व टेप रेकॉर्डर यांचा स्टुडिओ उभारला. गीताबेन यांच्याखेरीज अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. मुंबईचे या क्षेत्राशी असलेले नाते त्याहून जुने आहे. १९५४ च्या ‘नागिन’ या चित्रपटातील गाजलेली बीन ही बीन नव्हतीच. तो क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्याचा आवाज होता आणि ते वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शाह. पुढे हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर रुळवणाऱ्यांत केरसी लॉर्ड अग्रभागी होते, आणि १९८२ साली मुंबईच्याच चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या तालात बसवले. त्या तबकडीकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या जाणकारांचे डोळे विस्फारले.

या संगीताचे जतन इतर संगीतापेक्षा अधिक निकडीचे का, याचे कारण त्याच्या निर्मितीत आहे. एखाद्या बंदिशीचे ध्वनिमुद्रण नष्ट झाले तर हानी मोठीच, पण ती बंदीश शिष्याच्या गळ्यात आणि वहीतल्या स्वरलिपीत शिल्लक राहते. १९६९ च्या मूग सिंथेसायझरवर रचना करणारा मात्र डझनावारी तारा एका खोबणीतून दुसऱ्या खोबणीत जोडून आणि बटणे हव्या त्या कोनात फिरवून आवाज घडवत असे, आणि या जोडणीची नोंद ठेवणारी कोणतीही स्मृती त्या यंत्रात नव्हती. तारा उपसल्या की तो आवाज संपला. शिवाय टेप कापणे, जोडणे, उलटी किंवा सावकाश चालवणे हा रचनेचाच भाग होता. म्हणजे टेप ही त्या रचनेची नोंद नसून स्वतः ती रचनाच आहे, आणि अशी टेप गेली तर दुसरीकडून ती परत मिळवण्याची वाट नाही.

आता चुंबकत्वाकडे वळू. बहुतेक जुन्या टेपवर गॅमा फेरिक ऑक्साइड या लोहसंयुगाचे, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंशाएवढ्या लांबीचे सुईसारखे कण असतात. त्यांचे चुंबकन उलटवण्यासाठी साधारण ३०० ओर्स्टेडचे (ओर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) क्षेत्र लागते. मुंबईत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या ओर्स्टेडपेक्षाही कमी आहे. ते शेकडो वर्षे टेपवर काम करीत राहिले तरी या कणांना हलवू शकत नाही. चुंबकत्वाला एक छोटा उपद्रव जरूर होतो: स्पूलवर लागून असलेल्या दोन वेढ्यांपैकी एकावरचा मोठा आवाज दुसऱ्यावर पुसट उमटतो आणि शांत जागी त्याचा प्रतिध्वनी आधीच ऐकू येतो. तो कानाला खटकतो, पण मूळ आवाज पुसत नाही.

टेपचा खरा शत्रू आहे तो कण धरून ठेवणाऱ्या गोंदाच्या पोटात. टेपचा छेद घेतला तर खाली सुमारे ३६ मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टरची पट्टी दिसते आणि तिच्यावर दहा-बारा मायक्रॉनचा लेप. या लेपातील कणांना एकमेकांशी आणि पट्टीशी बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे बाइंडर. १९७० च्या दशकात अनेक कंपन्यांनी बाइंडर म्हणून पॉलिएस्टर-युरेथेन वापरले. ते लवचीक होते, गुळगुळीत होते, यंत्राच्या हेडला, म्हणजे टेपवरचे चुंबकत्व वाचणाऱ्या भागाला, कमी घासत होते. या गुणांसाठीच ते निवडले गेले होते. पण त्याच्या लांबलचक रेणूत ठरावीक अंतरावर इस्टर बंध असतात, आणि शाळेच्या रसायनशास्त्रात शिकलेली एक गोष्ट येथे आडवी येते: आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की इस्टर आणि पाणी तयार होते, आणि ही अभिक्रिया उलट दिशेनेही चालते.

ही उलट अभिक्रिया म्हणजे जलापघटन. हवेतील बाष्पाचा रेणू लेपात शिरतो, इस्टर बंधावर पोहोचतो आणि तो तोडतो. एका बाजूला आम्लाचा गट उरतो, दुसऱ्या बाजूला अल्कोहोलचा. मोत्यांच्या माळेचा दोरा मध्ये तुटावा तशी रेणूची साखळी आखूड होते. एक-दोन बंध तुटल्याने काही बिघडत नाही. पण तयार झालेला आम्लगट स्वतःच पुढच्या जलापघटनाचा उत्प्रेरक असतो, त्यामुळे जितके बंध तुटतात तितके उरलेले बंध तुटण्याचा वेग वाढत जातो. म्हणूनच अशी टेप पहिली काही वर्षे ठणठणीत वाटते आणि नंतर थोड्या काळात झपाट्याने बिघडते. आखूड झालेले रेणू चिकट असतात व पृष्ठभागावर येतात. टेप यंत्रावर चढवली की ती हेडला चिकटून किंचाळल्यासारखा आवाज करते, वेग डळमळतो, आणि तपकिरी चिखल हेडवर साचू लागतो. त्या चिखलातच चुंबकीय कण असतात. म्हणजे आजारी टेप एकदा वाजवून पाहण्याच्या उत्सुकतेत आपण त्यावरचे संगीत खरवडून काढत असतो. या विकाराला जगभर स्टिकी-शेड सिंड्रोम म्हणतात. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे निघालेल्या, मागच्या बाजूला काळ्या कार्बनचा लेप असलेल्या टेपमध्ये तो अधिक आढळतो. त्यामुळे १९६० च्या दशकातली टेप धडधाकट आणि १९८० ची टेप अंथरुणाला खिळलेली, असा उलटा प्रकार संग्रहांत वरचेवर दिसतो.

अभिक्रियेला पाणी लागते, आणि पाण्याच्या बाबतीत मुंबई उदार आहे. अशा टेपसाठी १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि ३० ते ४० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते; आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यात बुरशीही येते. टेप प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणे हा घरोघरी केला जाणारा उपाय पावसाळ्यात केला तर आतली ओल आतच कोंडली जाते. टेप उन्हात टाकण्याचा किंवा स्पूलभोवती कापूर ठेवण्याचा सल्लाही आपुलकीने दिला जातो. उन्हाने पट्टी वाकडी होते आणि कापराच्या वाफा बाइंडरमधील पाण्याचे काहीच करीत नाहीत.

उपाय आहे, आणि तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्कादायक वाटतो: टेप मंद आचेवर शेकायची. अँपेक्स कंपनीने या पद्धतीचे पेटंट घेतले, ते १९९३ मध्ये मंजूर झाले. सुमारे ५४ अंशांवर टेप कित्येक तास ठेवली की लेपातील पाणी निघून जाते, पृष्ठभागावरचा चिकटपणा ओसरतो आणि टेप पुन्हा यंत्रावरून सुरळीत धावते. या तापमानाला संगीत पुसले जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण गॅमा फेरिक ऑक्साइडचे चुंबकत्व उष्णतेने नाहीसे व्हायला सुमारे ६०० अंश लागतात. मर्यादा येते ती पट्टीमुळे: पॉलिएस्टर ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, त्यामुळे सुरक्षित पट्टा अरुंद आहे. घरगुती ओव्हनचा थर्मोस्टॅट पंधरा-वीस अंशांनी सहज चुकतो आणि मायक्रोवेव्हचा तर विचारही करू नये. अनेक स्वयंसेवक फळे सुकवण्याचे पंख्याचे यंत्र वापरतात आणि त्यात स्वतंत्र तापमापक ठेवतात.

शेकण्यापूर्वी एक तपासणी चुकवून चालत नाही. स्पूल दिव्यासमोर आडवे धरले आणि वेढ्यांमधून प्रकाश आरपार दिसला तर पट्टी पॉलिएस्टरची नसून सेल्युलोज अॅसिटेटची आहे. तिला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तिचा रोग वेगळा आहे, आणि ती शेकली तर आक्रसून कायमची निकामी होते.

शेकलेली टेप मात्र बरी झालेली नसते. तुटलेले बंध पूर्ववत जुळत नाहीत, हवेतील बाष्प पुन्हा शिरते, आणि काही आठवड्यांत चिकटपणा परततो. तेवढ्या अवधीत ती एकदा नीट वाजवून डिजिटल रूपात उतरवावी लागते, आणि ‘नीट’ या शब्दात यंत्राच्या हेडचा कोन दडलेला आहे. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल तर १०,००० हर्ट्झच्या स्वराची टेपवरील एक लाट १९ मायक्रॉन लांबीची असते. ध्वनिपट्टा २ मिलिमीटर रुंद आहे असे धरू. हेडवरची फट टेपच्या दिशेला अचूक काटकोनात हवी. ती अर्ध्या अंशाने तिरकी झाली तर पट्ट्याच्या एका कडेला ती दुसऱ्या कडेपेक्षा १७ मायक्रॉनहून थोडी पुढे असते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण लाट. लाटेचे चढ आणि उतार हेडला एकाच वेळी सापडतात, एकमेकांना खोडतात आणि तो स्वर जवळपास नाहीसा होतो. रेकॉर्डिंग करणाऱ्या मूळ यंत्राचे हेड स्वतःच थोडे तिरके असू शकते, म्हणून प्रत्येक टेपसाठी कानाने ऐकत आणि ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहरींचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहत हेड पुन्हा जुळवावे लागते. या चुकीने गाणे थोडे निस्तेज वाटते. इलेक्ट्रॉनिक रचनेत मात्र वरच्या पट्टीतली ती सळसळ हेच संगीत असू शकते, आणि ती गेली हे कळायला तुलनेसाठी दुसरे काही नसते.

येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने चाललेल्या गाजावाजाविषयी स्पष्ट बोलायला हवे. ‘हरवलेले स्वर परत आणतो’ असा दावा करणारी सॉफ्टवेअर पूर्वी ऐकलेल्या असंख्य आवाजांवरून अंदाज बांधतात. चित्रपटगीतातील सतारीच्या बाबतीत तो अंदाज कानाला पटेल. पण १९७० मध्ये कोणी तरी तारा जोडून जो आवाज पहिल्यांदाच घडवला, त्याच्यासारखे दुसरे उदाहरण त्या सॉफ्टवेअरने ऐकलेले नसते. लेपाबरोबर निघून गेलेले कण कोणतेही गणित परत आणत नाही. संग्रहासाठी म्हणून टेपवर आहे तेच, खरखरीसकट, सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येकी २४ बिट या दर्जाने उतरवले जाते. स्टिरिओच्या एका तासाला सुमारे २ गिगाबाइट लागतात. सफाई करायचीच तर ती प्रतीवर करावी.

हे सारे काम पगारी तज्ज्ञांच्या भरवशावर कुठेच पुरे होत नाही. मूग सिंथेसायझरचे जनक रॉबर्ट मूग यांचे २००५ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या नावाने निघालेल्या प्रतिष्ठानाला त्यांच्या टेप, आराखडे आणि पत्रे वाचवताना स्वयंसेवकांचा हातभार लागला. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या इलेक्ट्रॉनिक ध्वनी घडवणाऱ्या विभागात काम केलेल्या डेलिया डर्बिशायर २००१ मध्ये गेल्या तेव्हा त्यांच्या माळ्यावर २६७ टेप निघाल्या. पुष्कळ टेपवरची लेबले गळून पडली होती, त्यामुळे कोणती रचना कोणती हे ऐकूनच ठरवावे लागले. मुंबईत १९९० पासून चालणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही हौशी संग्राहकांचीच संस्था. तिचा मुख्य भर तबकड्यांवर असला तरी शिस्तशीर सूची आणि मोकळ्या मनाने देवाणघेवाण यांचा धडा टेप जपणाऱ्यांनी तिच्याकडून घेण्यासारखा आहे.

मुंबईत टेप जपायला बसणाऱ्याने कामाचा क्रम हवामानावरून ठरवावा, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात स्पूल उघडू नयेत; त्या महिन्यांत डब्यांवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकीच्या स्पेलिंगसकट, उतरवून घ्यावा, डब्यातली चिठ्ठी आणि पट्टीच्या टोकावरचे अक्षर यांची छायाचित्रे काढावीत, त्या काळी स्टुडिओत बसलेल्या वादकांना आणि ध्वनिमुद्रकांना भेटून कोणती रचना कोणाची हे विचारून घ्यावे. बुरशी धरलेले स्पूल इतरांपासून वेगळे ठेवावे आणि हाताळताना तोंडाला मास्क लावावा. ऑक्टोबरची उमस सरली की यंत्राची दुरुस्ती हाती घ्यावी, कारण टेप दाबून धरणारे रबरी चाक कडक झालेले असते आणि ते बदलून देणारे कारागीर आता शोधावे लागतात. शेकण्याचे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांसाठी राखावे, आणि तेही यंत्र जुळवून तयार झाल्यावरच, एका वेळी दोन-तीन टेप घेऊन. फाइल तयार होताच तिचा एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने, फाइलमधल्या बिटांवरून निघणारा, ६४ चिन्हांचा ठसा काढून सूचीत लिहावा आणि तीन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात, त्यांपैकी एक मुंबईबाहेर. दर वर्षी ठसे पुन्हा काढून जुळवावेत; एक बिट जरी उलटला तरी ठसा पूर्ण बदलतो आणि बिघडलेली प्रत लगेच ओळखू येते. मूळ टेप मात्र टाकू नये. तिच्यावर उरलेले कण अजून चुंबकित आहेत, आणि पुढे कधी हेड न टेकवता ते वाचणारे यंत्र निघाले तर वाचायला ती हाताशी असली पाहिजे.