एकच ठोका, तीन घड्याळं

संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक अशा आवाजाच्या दोन रेघा आहेत. दोन्ही एकाच रॉक कॉन्सर्टच्या, एकाच गाण्याच्या. वरची रेघ मंचावरचे सगळे माइक जिथं एकत्र येतात त्या मिक्सरमधून थेट घेतलेली. खालची रेघ प्रेक्षकांत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी माइकची. झूम करत गेलं की स्नेअर ड्रमचा एक ठोका सापडतो. वरच्या रेघेत तो सुळक्यासारखा ताठ उभा आहे. खालच्या रेघेत तोच जरा बसका, मागं लांब शेपूट सोडलेला आणि ८७ मिलिसेकंद उशिरा. ड्रमरनं काठी मात्र एकदाच मारली होती.

२० अंश सेल्सियसला आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तो माइक मंचावरच्या स्पीकरपासून सुमारे ३० मीटरवर होता. माइक धरणारा कोण, कुठं उभा होता, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. रेघ किती सरकली आहे त्यावरून त्याची जागा कळते.

कॉन्सर्टची जुनी रेकॉर्डिंग घेऊन ती नव्यानं जुळवणं, शिवणं, सुधारणं हा रॉकच्या चाहत्यांचा जुना उद्योग आहे. त्यात पैसे नाहीत, नाव असलंच तर टोपणनाव, आणि दोन तासांच्या कार्यक्रमासाठी रात्रीच्या रात्री जातात. लोकांना वाटतं, हे आवाज ‘चांगला’ करण्याचं काम असेल. तेही असतं, पण त्याचा नंबर नंतर लागतो. आधी भांडण सोडवायचं असतं ते वेळेचं. एका संध्याकाळच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये निदान तीन घड्याळं चालू असतात: एक हवेचं, एक मोटरचं आणि एक क्वार्ट्‌झच्या स्फटिकाचं. तिघांचं एकमेकांशी कधीच पटत नाही.

मुळात दोन रेकॉर्डिंग लागतातच कशाला? मिक्सरमधून आलेलं, ज्याला ‘साउंडबोर्ड’ म्हणतात, ते स्वच्छ असतं; पण त्या रात्री सभागृहात जे ऐकू आलं ते त्यात नसतं. मिक्सरवर बसलेला माणूस टेपसाठी नाही, समोरच्या लोकांसाठी आवाज बेतत असतो. हॉल लहान असेल तर गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच सगळीकडं पोचतो, त्यामुळं स्पीकरमध्ये गिटार फारशी सोडावीच लागत नाही. परिणामी साउंडबोर्डवर गायक कानात बोलल्यासारखा आणि गिटार शेजारच्या खोलीतून आल्यासारखी. प्रेक्षकांतल्या रेकॉर्डिंगची गोष्ट उलटी. गिटार आहे, टाळ्या आहेत, हॉलची घुमणी आहे, पण शब्द चिखलात रुतलेले आणि बेस नुसता दणदणतोय. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली की जे तयार होतं त्याला या मंडळींच्या बोलीत ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. चांगलं मॅट्रिक्स ऐकताना डोळे मिटले तर आपण मधल्या रांगेत असतो.

या उद्योगाची पंढरी म्हणजे ग्रेटफुल डेड हा अमेरिकी बँड. आपले कार्यक्रम लोकांनी रेकॉर्ड करावेत आणि आपसांत फुकट वाटावेत याला त्यांची ना नव्हती. ऑक्टोबर १९८४ पासून तर त्यांनी टेप करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागं वेगळी जागाच राखली, कारण माइकच्या काठ्यांचं रान उभं राहून इतरांना मंच दिसेनासा झाला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा ८ मे १९७७ चा कार्यक्रम चाहत्यांनी प्रतीवर प्रत काढून जगभर पोचवला. तो अधिकृतपणे निघाला २०१७ साली, ४० वर्षांनी. त्याआधीच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०११ च्या यादीत त्याला जागा दिली होती. सगळेच बँड इतके उदार नसतात आणि परवानगीशिवाय कॉन्सर्ट टेप करणं कित्येक देशांत बेकायदा आहे, हेही इथंच सांगून टाकतो.

आता त्या ८७ मिलिसेकंदांकडं वळू. खालची रेघ तेवढी डावीकडं ओढली की झालं, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. ओढली आणि ऐकलं, तर गायक पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गात होता. मी चुकलो होतो जेमतेम एका मिलिसेकंदानं. पण एक मिलिसेकंद म्हणजे ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० आवर्तनं करणाऱ्या लहरीचं बरोबर अर्धं आवर्तन. एका रेघेत लहर वर जाते तेव्हा दुसरीत ती खाली येते, आणि दोन्ही सारख्या जोराच्या असतील तर बेरीज शून्य. हेच १५०० ला, २५०० ला, ३५०० ला. मधल्या १०००, २००० या कंप्रता मात्र उलट दणकट होतात. आलेख काढला तर कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून या प्रकाराला कोम फिल्टरिंग म्हणतात. रेघा नेमक्या जुळल्या की डबा गायब आणि गायक परत माणसात.

पण नेमक्या म्हणजे कुठल्या क्षणी? उघड्या मैदानावरचा कार्यक्रम घ्या. संध्याकाळी हवा ३० अंशांवर असते, कार्यक्रम संपेपर्यंत समजा १५ वर येते. थंड हवेत आवाज सावकाश जातो. दर अंशामागं सेकंदाला ०.६ मीटरचा फरक. माइक जागचा हलला नाही तरी ३० मीटरचं अंतर कापायला रात्री सुमारे सव्वादोन मिलिसेकंद जास्त लागतात. सीडीच्या हिशेबात, जिथं प्रत्येक सेकंदाचे ४४,१०० तुकडे असतात, ते सुमारे १०० तुकडे झाले. पहिलं गाणं घट्ट जुळवून निवांत झोपलात तर शेवटच्या गाण्यात डबा परत आलेला असतो. हे झालं हवेचं घड्याळ.

मोटरचं घड्याळ याहून लहरी. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे असा नियम आहे, पण तो पाळायचा की नाही हे ठरवते बॅटरी. रेकॉर्ड करताना बॅटरी उतरली तर फीत हळू सरकते, म्हणजे तेवढंच संगीत कमी लांबीच्या फितीवर दाटीवाटीनं बसतं. नंतर चांगल्या डेकवर वाजवलं की सगळं घाईत आणि वरच्या पट्टीत ऐकू येतं. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला तर सूर अख्ख्या अर्ध्या स्वरानं चढतो.

मग मूळ पट्टी कोणती, हे ठरवायचं कसं? गिटार कशी लावलेली असते ते ठाऊक आहे, त्यावरून ठरवू, असं म्हणाल तर फसाल. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आपली गिटार अनेकदा अर्धा स्वर उतरवूनच लावायचा. त्याची टेप ‘दुरुस्त’ करून नेहमीच्या पट्टीत नेली तर ती दुरुस्तीच चूक ठरते. इथं मदतीला येते एरवी सगळ्यांना नकोशी असलेली गोष्ट: विजेची घरघर. अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारा तो बारीक ‘हम्म्’ अमेरिकेत ६० हर्ट्झचा आणि युरोपात ५० हर्ट्झचा असतो, शिवाय त्याच्या दुप्पट-तिप्पट कंप्रतांवरही तो उमटतो. वीजजाळ्याची कंप्रता हलते, पण साधारण हर्ट्झच्या काही शतांशांनी. कानाला त्याचा पत्ता लागत नाही. अमेरिकेतल्या टेपवर घरघर ६१.२ हर्ट्झला सापडली, तर टेप २ टक्के जोरात धावतेय हे नक्की. गाणं संपून टाळ्या विरल्या की दोन-तीन सेकंद ही घरघर उघडी पडते. जुनी टेप हातात आली की जाणकार आधी असली शांतता शोधतो आणि गाणी नंतर ऐकतो.

हीच कल्पना आणखी पुढं नेता येते. टेप रेकॉर्डर फितीवर संगीताबरोबर कानाला न ऐकू येणारा एक अतिउच्च कंप्रतेचा संकेतही देतो, बायस नावाचा. फीत वाचणाऱ्या खास हेडनं तो वाचला तर मोटर प्रत्येक क्षणी किती डगमगली त्याचा लेखाजोखाच हाती येतो. प्लँजंट प्रोसेसेस हे तंत्र हेच करतं आणि ग्रेटफुल डेडच्या अधिकृत आवृत्त्यांसाठी ते वापरलं गेलं आहे. घरी बसलेल्या हौशी माणसाकडं ते यंत्र नसतं. त्याला घरघरीवरच भागवावं लागतं.

क्वार्ट्‌झचं घड्याळ यांच्या मानानं सरळमार्गी. डिजिटल रेकॉर्डर दहा लाखांत वीस-पन्नास भाग एवढाच चुकतो. पण एक यंत्र २० भाग पुढं आणि दुसरं २० भाग मागं असेल, तर दोन तासांत दोघांत जवळजवळ ०.३ सेकंदांची दरी पडते. सुरुवातीला एकजीव असलेला ठोका शेवटी चक्क दोनदा ऐकू येतो. उपाय सोपा आहे: पहिल्या आणि शेवटच्या गाण्यातला एकेक ठोका पकडायचा आणि एक फाइल त्या प्रमाणात किंचित ताणायची. कॅसेटला हा उपाय चालत नाही; तिथं दर काही मिनिटांनी खुंट्या ठोकत जावं लागतं.

ठोके हातानं शोधायचे नसतील तर संगणक शोधतो. तत्त्व ट्रेसिंग पेपरचं: एक रेघ दुसरीवर ठेवायची, थोडी थोडी सरकवायची, आणि जिथं सगळ्यात जास्त जुळेल तिथं थांबायचं. दोन तासांच्या एका रेघेत सुमारे ३१ कोटी ७५ लाख तुकडे असतात. प्रत्येक सरकवणीला सगळे तुकडे ताडून पाहायचे म्हटलं तर गुणाकारांची संख्या १ वर १७ शून्यं इतकी होते. १९६५ साली कूली आणि ट्युकी या गणितज्ञांनी मांडलेल्या जलद फूरिये रूपांतराच्या, म्हणजे लहर तिच्या कंप्रतांत झटपट फोडण्याच्या पद्धतीनं तेच काम हजार कोटींच्या आसपास गुणाकारांत उरकतं. साधा लॅपटॉपही ते सहज करतो.

पूर्वी ९० मिनिटांची कॅसेट ४५ व्या मिनिटाला उलटावी लागायची, आणि ती वेळ नेहमी ऐन गिटार सोलोमध्येच यायची. ते भगदाड दुसऱ्याच कुणाच्या तरी टेपच्या तुकड्यानं बुजवतात. सांधताना एक आवाज उतरवत दुसरा चढवायचा, म्हणजे क्रॉसफेड. यातही गोम आहे. दोन्ही तुकडे लहरीला लहर लागून जुळले असतील तर मध्यावर दोघांची पातळी निम्मी-निम्मी ठेवायची. जुळले नसतील, तर तेवढ्यानं मध्येच आवाज खचतो. तिथं प्रत्येकी ०.७ लागते. सांधा लपवायला सर्वात चांगली जागा म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या कुठूनही कापा आणि कुठंही जोडा, कानाला शंका येत नाही.

चित्रं आली की गुंता वाढतो. २००९ च्या जानेवारीत नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनर यांनी तीन कार्यक्रमांचं ४०० गिगाबाइटांहून जास्त कच्चं चित्रण चाहत्यांसाठी खुलं केलं आणि चाहत्यांनी त्यातून अख्खी कॉन्सर्ट फिल्म रचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रागमध्ये रेडिओहेड या बँडचा कार्यक्रम चाहत्यांनी छोट्या कॅमेऱ्यांनी ठिकठिकाणांहून टिपला. त्यासाठी आवाजाची मूळ टेप नंतर बँडनंच दिली.

असे कॅमेरे एकमेकांशी जुळवायचे कशानं? अर्थात आवाजानं. आणि इथंच एक गंमत होते. मंचापासून १०० मीटरवरच्या कॅमेऱ्यात प्रकाश तत्काळ पोचतो, पण आवाज २९० मिलिसेकंद उशिरा. आवाजावर आवाज बसवला की त्या कॅमेऱ्याचं चित्र जवळच्या कॅमेऱ्याच्या तुलनेत पुढं पळतं. सेकंदाला ३० चित्रांच्या हिशेबात जवळजवळ ९ चित्रं. जवळच्या शॉटमध्ये ड्रमरची काठी कातड्यावर टेकते आणि दूरच्या शॉटवर कट मारला की ती आधीच वर उचललेली दिसते. म्हणून दूरच्या प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र वेगळं मागं ढकलावं लागतं. थोडी ढिलाई चालते, पण एकाच बाजूला. दूरदर्शन प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी ते लक्षात येतं. मागून आला तर १२५ पर्यंत फारसं जाणवत नाही. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो, कानाला तीच सवय.

आता नवं हत्यार म्हणजे आवाज वेगळे करणारी प्रणाली. बीटल्सच्या १९६४-६५ च्या हॉलिवूड बोल कार्यक्रमांवर किंकाळ्यांचा असा थर होता की २०१६ च्या आवृत्तीसाठी अ‍ॅबे रोड स्टुडिओत त्याखालून वाद्यं सोडवून काढावी लागली. २०१९ नंतर स्प्लीटर आणि डेमक्स यांसारखी साधनं कुणालाही फुकट मिळू लागली. मी ती जपून वापरतो. ती शिकली आहेत मुख्यतः स्टुडिओतल्या कोरड्या, नेटक्या आवाजांवर. हॉलमध्ये घुमणारा आवाज त्यांच्यापुढं टाकला की गायकाची घुमणी थोडी गायकाकडं आणि थोडी झांजांकडं वाटली जाते, आणि झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या येतात.

शेवटी परत त्या पहिल्या दोन रेघांकडं. सगळी घड्याळं जुळवून, ठोक्यावर ठोका बसवून ऐकलं तेव्हा डबा गेला होता, पण हॉलही बराचसा गेला होता. पहिला आवाज आल्यावर तीसेक मिलिसेकंदांच्या आत आलेली त्याची सावली मेंदू वेगळी मोजत नाही. तिच्यावरून तो जागेचा अदमास घेतो. मी खालच्या रेघेची पातळी उतरवली, म्हणजे कंगव्याचे दात बोथट होतात, आणि मग ती मुद्दाम उजवीकडं सरकवली. ५ मिलिसेकंद, १०, १५. अठराला स्नेअरच्या मागं परत भिंत उभी राहिली. बाविसाला ठोका फाटायला लागला. अठरावर ठेवलं आणि पुढच्या गाण्याकडं गेलो, जिथं हवा थोडी आणखी गार झालेली होती.