युनिफॉर्म शिवायचा आहे? साइजची चिठ्ठी नको, माणसांची मापं द्या

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, खानापूर रोड, कुठूनही ऑर्डर येवो, ती बहुतेक एका ओळीची असते: "एल बारा, एक्सएल आठ, एम पाच, दहा दिवसांत पाहिजेत." अशा चिठ्ठीवर आम्ही कापडाला कात्री लावत नाही. काही ग्राहकांना हा हट्ट वाटतो, म्हणून कारण सांगतो.

एल म्हणजे किती इंच, हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं. त्यात कामगार सांगतो तो आकडा त्याच्या टी-शर्टचा. टी-शर्ट ताणतो, युनिफॉर्मचं जाड ड्रिल कापड ताणत नाही. सैल झालेला शर्ट आत घेता येतो, पण घट्ट झालेला सोडायला शिलाईत अर्धा-पाऊण इंचच कापड असतं. आणि मुंढ्यात, म्हणजे बाही खांद्याला जोडते तिथे, आखडत असेल तर तेवढंही उपयोगी पडत नाही, नवाच शिवावा लागतो. उशीर होतो तो इथे, शिलाईत नाही.

पंधराच्या वर माणसं असतील तर शिफ्ट बदलताना आमचा माणूस तुमच्याकडे येऊन मापं घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. महिला कर्मचाऱ्यांची मापं आमच्याकडच्या बाईच घेतात. तुम्ही स्वतः घेणार असाल तर आधी खिशातला मोबाईल आणि पाकीट बाहेर काढायला सांगा, पायात कामावरचे बूट असू द्या. टेप छातीवर आला की माणूस छाती फुगवतो, कमरेवर आला की पोट आत ओढतो. त्याच्याशी दोन शब्द बोला, श्वास सुटला की मग आकडा लिहा. छातीचं माप अंगालगतचं द्या, सैलपणा आम्ही धरतो. हात वर करून काम करणाऱ्याच्या नावापुढे तसं लिहा, त्याच्या शर्टाची उंची आम्ही दोन इंच जास्त ठेवतो. पँटचं आसन, म्हणजे दोन पायांमधल्या भागाचं माप, बरेच जण विसरतात, आणि खाली बसून काम करणाऱ्याची पँट नेमकी तिथेच उसवते.

"एवढं कशाला, रंग एक दिसला म्हणजे झालं," असंही ऐकतो. रंगाने माणूस कुठल्या खात्यातला ते कळतं, गेटवर परका लगेच ओळखू येतो, हे खरंच. पण कारखान्यात युनिफॉर्म आधी अंगाचं रक्षण करतो. लेथ मशीनवर सैल बाही किंवा ओढणी फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या तुकड्यात, गुंतते, म्हणून तिथे बायकांसाठी ओढणीऐवजी कुडत्यावर कोट. चालू मशीनची तपासणी किंवा ऑइलिंग करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे मालकाने द्यावेत, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच आलं, कलम 22 मध्ये. वेल्डरच्या पँटला खाली दुमड नको आणि खिशाला झाकण हवंच, नाहीतर ठिणगी आत जाऊन बसते.

फौंड्रीसाठी, म्हणजे धातू वितळवून ओततात तिथे, टेरिकॉट (पॉलिएस्टर-कॉटन मिश्र कापड) मागू नका. स्वस्त पडतं, इस्त्री टिकते, हे मान्य. पण पॉलिएस्टर 250-260 अंशांना वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. कॉटन जळतं, पण चिकटत नाही. शंका असेल तर दोन धागे काढून काडी लावून बघा. कॉटनला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टरचा काळा कडक मणी होतो. अर्थात साधं कॉटन म्हणजे भट्टीपुढचा एप्रन नव्हे, तो वेगळा घ्यावाच लागतो. ऑफिस, पॅकिंग, हॉटेलच्या काउंटरला टेरिकॉट उत्तम, तिथे आम्हीच ते सुचवतो.

कॉटन पहिल्या धुण्यात शेकडा 3 ते 5 आटतं, म्हणजे 30 इंच उंचीचा शर्ट इंच-दीड इंच आखूड होतो. म्हणून कापण्याआधी आम्ही ते रात्रभर भिजवून वाळवतो. बेळगावच्या पावसाळ्यात वाळायलाच दोन दिवस जातात, ते आमच्या मुदतीत धरा.

छातीवरचं नाव कन्नड, मराठी की इंग्रजी, ते अक्षरं नीट लिहून द्या. भरतकाम उसवलं तरी सुईची भोकं दिसतात.

नवीन माणूस सहा महिन्यांनी येतो, तोवर त्या रंगाचा लॉट संपलेला असतो आणि नवीन ताक्याचा निळा जुन्या निळ्याशेजारी वेगळा दिसतो. वीस ड्रेसमागे दोन ड्रेसचं कापड आत्ताच घेऊन ठेवा, 58 इंच पन्न्यात (कापडाच्या रुंदीत) एका शर्ट-पँटला साधारण 2.80 मीटर. ते तुमच्या नावाने आम्ही सांभाळतो. खंडेनवमीची ऑर्डर असेल तर मापं गणपतीच्या आधी झालेली बरी, नंतरच्या पंधरवड्यात सगळ्यांचीच घाई असते.