स्वर्गाच्या कठड्याला आलेली ऊब

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी-चित्रकार डान्टे गेब्रिएल रोसेटी याच्या ‘द ब्लेसेड डॅमोझेल’ या, स्वर्गातून प्रियकराची वाट पाहणाऱ्या मृत प्रेयसीच्या कवितेवर लिहायला बसलेला माणूस बहुधा एलिझाबेथ सिडलच्या कबरीपाशी जाऊन पोचतो. १८६२ मध्ये बायको गेली तेव्हा रोसेटीने कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. १८६९ मध्ये लंडनच्या हायगेट दफनभूमीतली ती कबर उघडून वही बाहेर काढवली आणि पुढच्या वर्षी संग्रह छापला. हकिगत खरी आहे आणि अंगावर काटा आणणारी आहे. पण ही कविता १८५० च्या फेब्रुवारीत ‘द जर्म’ या अल्पायुषी मासिकात छापून आली होती आणि लिहिली होती त्याच्याही आधी, विशी गाठायच्या आत. तेव्हा सिडल त्याच्या आयुष्यात यायचीच होती. मेलेल्या प्रेयसीची कविता आधी झाली, मरण मागून आले.

मग हा स्वर्ग आला कुठून? एक वाट घरातली. वडील इटलीतून परागंदा झालेले आणि इटालियन महाकवी दान्तेच्या अभ्यासाने झपाटलेले. मुलाच्या नावातच दान्ते. दान्तेच्या काव्यातली बिआट्रीस स्वर्गातून प्रियकराची वाट पाहते, ही कल्पना त्याच्या कानावर लहानपणापासून असणार. दुसरी वाट बाहेरची. १८३३ पासून ऑक्सफर्ड चळवळीने इंग्लंडच्या चर्चमध्ये जुने विधी, संत आणि प्रतीके यांची ओढ पुन्हा जागी केली होती. १८४५ मध्ये चळवळीचा पुढारी न्यूमन थेट रोमन कॅथलिक झाला आणि एकच गहजब उडाला. रोसेटीची आई आणि कवयित्री बहीण क्रिस्टिना या वातावरणात मनापासून रमलेल्या. गेब्रिएलची श्रद्धा मात्र बेताचीच. त्याने त्यातून रंग आणि वस्तू तेवढ्या उचलल्या. तिसरा धागा अमेरिकन कवी एडगर ॲलन पो याचा. पोने पृथ्वीवर मागे उरलेल्याचा शोक लिहिला होता. आपण स्वर्गातल्या बाजूने लिहावे असे मनात आले, असे रोसेटीनेच पुढे सांगितले.

कवितेतल्या त्या प्रेयसीच्या हातात तीन लिली, केसांत सात तारे. लिली म्हणजे पावित्र्य, तीन म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा, असा कोश उघडून बसता येते, पण त्याने कविता फारशी उलगडत नाही. उलगडते ती एका साध्या तपशिलाने: स्वर्गाच्या सोन्याच्या कठड्यावरून ती इतका वेळ वाकून उभी आहे की तिच्या छातीने तो कठडा कोमट झाला असावा. आजूबाजूने आत्मे ज्योतींसारखे देवाकडे चाललेत आणि ही खाली बघतेय. ख्रिस्ताकडे तिचे मागणे काय? पृथ्वीवर थोडा काळ होतो तसेच आता कायमचे, प्रेमात, दोघे एकत्र. मोक्षबिक्षाचे नावच नाही.

विराण्यांवर वाढलेला मराठी वाचक इथे हमखास चकतो. ज्ञानदेवांच्या विराणीत देवाची ओढ सांगायला प्रेमाची भाषा येते. रोसेटीने ती उलटी फिरवली: माणसाच्या प्रेमासाठी देवघरातली सगळी भांडी काढली. खालच्या प्रियकराचे बोल कंसात येतात. तिचे केस चेहऱ्यावर पडले असे त्याला वाटते. बघतो तर शरदातली पानगळ.

हे लोकांना खुपणारच होते. १८७१ मध्ये रॉबर्ट ब्युकॅननने टोपणनावाने लेख लिहून रोसेटी आणि मंडळींना ‘देहवादी पंथ’ ठरवले. रोसेटीने त्याच वर्षी उत्तर दिले, पण घाव खोल गेला. पुढच्या वर्षी तो पुरता कोसळला. टीका आकसाची होती, तरी देह दिसला हे ब्युकॅननचे निरीक्षण मला चूक वाटत नाही. त्यामुळे श्रद्धा खोटी ठरते, हा निष्कर्ष त्याने ओढूनताणून काढला.

क्रिस्टिनाचे गणित वेगळे. चित्रकार जेम्स कॉलिन्सन पुन्हा कॅथलिक झाला म्हणून १८५० मध्ये तिने त्याच्याशी ठरलेले लग्न मोडले. तिच्या कवितेत देव आणि प्रियकर समोरासमोर येतात तेव्हा प्रियकराला मागे राहावे लागते.

भावाने १८७० च्या दशकात याच कवितेचे मोठे चित्र रंगवले. वर ती, आणि गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून खाली जोडलेल्या आडव्या पट्टीत झाडाखाली पडून वर बघणारा तो. दोघांच्या मधे चौकटीचे सोनेरी लाकूड आहे.