ईपी आणि अल्बम: नव्या गायिकेकडून आपण नेमकी कशाची वाट पाहतो?

एखाद्या नव्या गायिकेने चार-पाच गाण्यांचा संच जाहीर केला की तिचा पहिला अल्बम येत असल्याची बातमी पसरते, आणि तो संच हाती आल्यावर अनेक श्रोते ‘एवढेच?’ म्हणून हिरमुसतात. दोष त्या गायिकेचा नसतो. तिने ईपी (‘एक्स्टेंडेड प्ले’, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा संच) दिलेली असते आणि आपण वाट पाहत असतो पूर्ण लांबीच्या अल्बमची.

ईपी हा प्रकार १९५० च्या दशकात रूढ झाला. एका बाजूला एकच गाणे मावणाऱ्या लहान तबकडीच्या आकारातच अधिक दाट खाचा कोरून दोन्ही बाजूंना मिळून साधारण चार गाणी बसवली गेली. मराठी भावगीते आणि चित्रपटगीते यांच्या अशा तबकड्या आपल्याकडेही घरोघरी वाजत होत्या. अल्बमची मोठी, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी एलपी (‘लाँग प्ले’) तबकडी १९४८ साली अमेरिकेत आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे सलग संगीत ऐकण्याची सोय झाली. आज तबकडीचे बंधन उरलेले नाही, तरी हे दोन आकार टिकून आहेत.

केवळ गाणी मोजून मात्र हा फरक कळत नाही. ॲपलच्या संगीतसेवेत चार ते सहा गाण्यांचा आणि अर्ध्या तासापेक्षा कमी लांबीचा संच ईपी म्हणून नोंदवला जातो; अमेरिकेतील ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या नियमांनुसार किमान पाच वेगळी गाणी आणि पंधरा मिनिटांचा अवधी असला की तोच संच अल्बम ठरू शकतो. ब्रिटनच्या अधिकृत संगीत-क्रमवारीत चार गाण्यांपर्यंतचा आणि पंचवीस मिनिटांच्या आतला संच एकेरी गाण्यांच्या (सिंगल) यादीत धरतात. म्हणजे पाच गाण्यांचे अठरा मिनिटांचे एकच ध्वनिमुद्रण एका ठिकाणी ईपी आणि दुसऱ्या ठिकाणी अल्बम असू शकते.

खरा फरक कंपनीच्या करारात आणि गायिकेच्या हेतूत आहे, असे मला वाटते. ईपीला खर्च कमी लागतो, ती लवकर तयार होते आणि गायिकेचा आवाज लोकांना रुचतो का हे कंपनीला त्यातून अजमावता येते. अल्बमसाठी कंपनीला मोठी रक्कम आणि बराच काळ गुंतवावा लागतो, म्हणून ध्वनिमुद्रणाचे मोठे करार सहसा अल्बमच्या संख्येत लिहिले जातात.

लंडनची गायिका आणि गीतकार रे हिने हा फरक फार महागात अनुभवला. २०१४ साली, किशोरवयातच, तिचा पॉलिडोर या कंपनीशी चार अल्बमचा करार झाला. त्यानंतरच्या वर्षांत तिच्या ईपी आल्या, २०२० मध्ये एक ‘मिनी-अल्बम’ही आला, इतरांच्या नृत्यगीतांत तिचा आवाज गाजला, दुसऱ्या कलावंतांसाठी तिने गीते लिहिली, पूर्ण लांबीचा स्वतःचा अल्बम मात्र आला नाही. सात वर्षांत एकही अल्बम काढू दिलेला नाही, असे तिने जून २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि पुढच्याच महिन्यात ती कंपनीपासून वेगळी झाली. ‘माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज’ हा तिचा पहिला अल्बम ३ फेब्रुवारी २०२३ रोजी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. व्यसन, लैंगिक अत्याचार आणि संगीतव्यवसायातली घुसमट हे विषय त्यात एका सलग कथनासारखे येतात. चार गाण्यांत इतका ऐवज मावला नसता. मार्च २०२४ मध्ये तिने एकाच रात्री ब्रिटनमधले सहा ब्रिट संगीत पुरस्कार मिळवले, त्यांत सर्वोत्तम अल्बमचाही पुरस्कार होता. तिला केवळ ईपींवरून जोखणाऱ्यांना ही गायिका पुरती दिसलीच नव्हती.

ईपी म्हणजे येणाऱ्या अल्बमचा पहिला तुकडा, हा समजही सोडून द्यावा. अमेरिकेतील गायिका चॅपल रोन हिची पाच गाण्यांची ईपी २०१७ साली आली. २०२० मध्ये तिच्या कंपनीने तिला सोडून दिले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या अल्बममध्ये त्या पाचांपैकी एकही गाणे नव्हते. उलट, कंपनीत असतानाच २०२० मध्ये एकेरी प्रसिद्ध झालेले ‘पिंक पोनी क्लब’ त्यात होते, आणि ते पुढे जगभर पोहोचले. ईपीतल्या गंभीर, संथ गाण्यांवरून अल्बममधल्या रंगीत, नाट्यमय पॉपचा अंदाज कुणी बांधला असता तर तो फसला असता.

म्हणून एखाद्या नव्या गायिकेची घोषणा वाचताना गाण्यांची यादी आणि एकूण अवधी आधी पाहावा, आणि ती स्वतः त्या संचाला काय म्हणते याकडे लक्ष द्यावे. ईपी असेल तर ती पूर्ण रचना म्हणून मनापासून ऐकावी. तिच्या तीन-चार ईपी येऊनही अल्बमची तारीख ठरत नसेल, तर तिच्या प्रतिभेबद्दल शंका घेण्याआधी अल्बमला मंजुरी देण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, हे विचारावे.