अन्ननलिका: एका शब्दाच्या दोन लांब्या

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दवाखान्यांत ‘अन्ननलिका’ हा शब्द रोज कानावर पडतो. डॉक्टर तो वापरतात तेव्हा घसा आणि जठर यांना जोडणारी सुमारे 25 सेंटीमीटरची नळी त्यांच्या मनात असते. ऐकणाऱ्याने मात्र शाळेत शिकलेली अन्ननलिका तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाते आणि सुमारे 9 मीटर भरते. अहिराणी बोलणाऱ्या आजीला यातला एकही शब्द लागत नाही. ‘घास नरडामा अटकना’ एवढ्यात तिचं म्हणणं पूर्ण होतं, आणि डॉक्टरलाही ते नेमकं कळतं.

हा घोळ जुना आहे. आयुर्वेदाच्या संहितांमधल्या ‘अन्नवह स्रोतसा’चं, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या मार्गाचं, मूळच आमाशयात (जठरात) सांगितलं आहे, म्हणजे नळी आणि पिशवी तिथेही एकत्रच. पुढे मराठीतून शास्त्र शिकवायचं ठरलं, तेव्हा परिभाषा घडवणाऱ्यांनी घशाला ‘ग्रसनी’ आणि त्याखालच्या नळीला ‘ग्रसिका’ म्हटलं. माझ्या मते हा निर्णय चुकला. शेजारशेजारच्या दोन अवयवांना जवळजवळ सारख्या उच्चाराची नावं दिल्यावर मुलं ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि नंतर विसरतात. ‘ग्रसिका’ कोशात राहिली. लोकांनी उचललेला ‘अन्ननलिका’ हा शब्द मात्र आखूड नळीसाठी आणि सगळ्या पचनमार्गासाठी, असा दोन्हीकडे वापरला गेला. साऱ्या मार्गाला ‘पचनमार्ग’ म्हणावं आणि अन्ननलिका त्या 25 सेंटीमीटरसाठी राखावी, एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

शब्द नेमका का हवा, ते या नळीच्या जन्मातून कळतं. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात पचनमार्गाचा पुढचा भाग ही एकच साधी नळी असते. तिच्या समोरच्या भिंतीतून फुप्फुसांची कळी फुटते आणि ती वेगळी होत जाते. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. हृदय आणि फुप्फुसं खाली सरकतात तशी आखूड अन्ननलिका भराभर लांबते. दोन्ही नळ्या वेगळ्या कशा होतात, यावर मात्र मतभेद आहेत. दोन्ही बाजूंनी कडा वाढून मध्ये पडदा तयार होतो, असं पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. 1987 साली कोंबडीच्या गर्भांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहणी झाली, तेव्हा तशा कडा दिसल्या नाहीत. उंदरांवरच्या नंतरच्या कामातून असं दिसलं, की नळीची पुढची आणि मागची बाजू कोण काय होणार हे काही जनुकं आधीच ठरवतात.

काही हजार बाळांमागे एखाद्यात हे वेगळं होणं अर्धवट राहतं आणि ते बाळ तुटक अन्ननलिका घेऊन जन्मतं. बहुतेक वेळा वरचा तुकडा बंद असतो आणि खालचा श्वासनलिकेला जोडलेला. बाळाच्या तोंडातून फेस येत राहतो, दूध पाजताच ठसका लागतो, अंग निळं पडतं. या दोषाचं वर्णन सतराव्या शतकातलं आहे. तरी टप्प्याटप्प्याच्या शस्त्रक्रियांनी मूल जगलं ते 1939 मध्ये, आणि दोन्ही टोकं एकाच वेळी जोडण्यात यश आलं ते 1941 मध्ये, अमेरिकेत.

आज खान्देशातून असं बाळ बहुधा नाशिक किंवा मुंबईला पाठवलं जातं. निघण्यापूर्वी बापाला ‘अन्ननलिका जोडलेली नाही’ एवढंच सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांसमोर सगळी आतडी उभी राहतात. सगळंच गेलं, असं समजून तो खचतो. तुटलेला भाग बोटभरही नसू शकतो. अशा वेळी वहीच्या पानावर दोन नळ्या काढून दाखवणारी एक नर्स मी पाहिली आहे. ‘हे टोक इथे जोडायचं,’ म्हणत तिने पेनने रेघ ओढली, आणि मग बापाने गाडी कधी निघणार ते विचारलं.