बेस्ट टीचर अवॉर्ड आणि डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस अवॉर्ड, एकच नाहीये ते

५ सप्टेंबर आला की ठाण्यातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्हीचे फोटो येतात, शाल तशीच, बुके तसाच, आणि खाली सगळ्यांचं "हार्दिक अभिनंदन सर". म्हणून घोळ होतो.

बेस्ट टीचर म्हणजे वर्गातलं काम. एफवायला कम्युनिकेशन स्किल्सच्या लेक्चरला मागच्या बाकावर तोंड लपवून बसणारी मराठी मीडियमची पोरं डिसेंबरपर्यंत उभी राहून इंग्रजीत चार वाक्यं बोलायला लागली तर तो मान त्या मॅडमचा, बास. दिल्लीचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारही आधी शाळेतल्या शिक्षकांनाच असायचा, कॉलेजवाल्यांना २०२३ पासून मिळायला लागला.

सर्व्हिसवाल्याचं मात्र वेगळंय, तिथे तुमच्या कामाचा फायदा दुसऱ्यांच्या वर्गाला झाला का ते बघतात. अमेरिकेत इंग्रजी विभागांच्या संघटनेचा, म्हणजे एडीईचा, असा एक अवॉर्ड आहे, फ्रान्सिस अँड्र्यू मार्च यांच्या नावाचा. हे मार्च पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेत कॉलेजात १८५७ ला इंग्रजी भाषेचे प्रोफेसर झाले (आपलं मुंबई विद्यापीठ पण त्याच सालचं बरं का), तेव्हा कॉलेज म्हणजे ग्रीक-लॅटिन, इंग्रजी काय शिकवायचं असाच सूर होता, तर यांनी लॅटिनसारखंच एकेक ओळ फोडून इंग्रजी शिकवायची पद्धत बसवली, शिवाय ऑक्सफर्ड डिक्शनरीसाठी शब्दांची उदाहरणं जमवणाऱ्या अमेरिकेतल्या वाचकांचं काम यांनीच सांभाळलं. मार्च चांगले शिकवत असतीलही, पण नाव राहिलं ते विषय उभा केला म्हणून.

आपल्याकडे हे काम कोण करतं? बोर्ड ऑफ स्टडीजवर, म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर बसून सिलॅबससाठी भांडणारे, कॅप सेंटरला, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रावर, नवीन सीएचबीवाल्याच्या (तासांवर पगार मिळणाऱ्या शिक्षकाच्या) शेजारी बसून "अरे स्पेलिंग चुकलं म्हणून पूर्ण मार्क कापू नको, मुद्दा आलाय ना" सांगणारे. यांचा फोटो कुठल्याच ग्रुपवर येत नाही, आणि खरं सांगू का, मला हीच माणसं जास्त भारी वाटतात.

आणि तीस वर्षं नोकरी झाली म्हणून सर्व्हिस अवॉर्ड द्या असं पण नसतं हो, त्यासाठी निरोप समारंभ आहे की!

कुणाचं नाव सुचवणार असाल तर बेस्ट टीचरसाठी विद्यार्थ्यांकडून लिहून घ्या, सर्व्हिससाठी वाशी-पनवेलच्या, म्हणजे दुसऱ्याच कॉलेजातल्या शिक्षकांकडून. तिकडून कुणी लिहायला तयार नसेल तर नाव बहुतेक बेस्ट टीचरच्याच यादीतलंय.