सफरचंद वर्षभर टिकतं ते नक्की कशामुळे? सीए स्टोरेज आणि वन-एमसीपी

एप्रिल-मे मधे बाजारात करकरीत सफरचंद दिसलं की कोणीतरी म्हणतंच, "गॅस मारलाय त्याला". आणि या एका गॅसमधे लोक सगळंच ढकलून मोकळे होतात, कार्बाइड, मेण, कोल्ड स्टोरेज, काय वाटेल ते. कार्बाइडचा तर इथे संबंधच नाही, ते फळ लवकर पिकवायला वापरतात आणि आपल्याकडे त्यावर बंदी आहे. मेण फक्त सालीवर असतं. खरी गल्लत होते ती सीए स्टोरेज आणि वन-एमसीपी (फळाचं पिकणं रोखणारा एक वायू) या दोघांत, कारण दोन्हीत बंद खोली, दोन्हीत हवेचा मामला, आणि फळ दोन्हीत महिनोनमहिने टिकतं.

सीए म्हणजे कंट्रोल्ड ॲटमॉस्फिअर. झाडावरून तोडलं तरी सफरचंद श्वास घेतच असतं, ऑक्सिजन घ्यायचा, कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि आतली साखर, आम्ल खर्च करत बसायचं. हा श्वास मंद केला की फळाचं म्हातारपण लांबतं. केंब्रिजमधे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी १९२० च्या दशकात यावर काम केलं आणि १९२९ मधे इंग्लंडच्या केंट भागात पहिलं व्यापारी गोदाम उभं राहिलं. तेव्हा खोली घट्ट बंद करून सफरचंदांनाच आतला ऑक्सिजन संपवू द्यायचे. आता नायट्रोजन सोडून ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १ ते ३ टक्क्यांवर आणतात, तापमान शून्याच्या आसपास ठेवतात, जादा कार्बन डायऑक्साइड शोषायला काही ठिकाणी चक्क चुन्याच्या पिशव्या ठेवतात. माणूस चुकून आत गेला तर काही श्वासांतच बेशुद्ध पडेल, म्हणून दाराला सील आणि धोक्याची पाटी असते. पण फळात बाहेरचं काहीही जात नाही, हवेतल्याच वायूंचं प्रमाण फक्त बदललेलं असतं.

वन-एमसीपीची गोष्ट मला जास्त भावते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत एडवर्ड सिस्लर हे बायोकेमिस्ट वर्षानुवर्षं एकाच प्रश्नामागे होते, की झाडाला इथिलीन कळतं कसं, ते नेमकं कुठे जाऊन चिकटतं. इथिलीन म्हणजे फळ स्वतःच सोडतं तो पिकण्याचा निरोप. हे शोधता शोधता असा एक छोटा रेणू, म्हणजेच वन-एमसीपी, हाती लागला जो इथिलीनच्या जागेवर जाऊन बसतो आणि तिथून हटतच नाही, म्हणजे फळाच्या कानात बोळे घातल्यासारखंच, निरोप येतो पण ऐकूच जात नाही. सिल्व्हिया ब्लँकनशिप या फळशास्त्रातल्या सहकारी बरोबर होत्या, दोघांना १९९६ मधे पेटंट मिळालं आणि २००२ मधे अमेरिकेत सफरचंदासाठी परवानगी आली. विद्यापीठात बसून काय करतात असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

वापर अगदी साधा आहे. पावडर पाण्यात टाकली की वायू सुटतो, हवेच्या दहा लाख भागात साधारण एक भाग, फळं नुकती तोडलेली असताना बंद खोलीत २४ तासांपर्यंत ठेवायची, मग दार उघडायचं आणि झालं.

आणि फरक कळतो तो इथेच, दार उघडल्यावर. सीएचा परिणाम खोलीत असेपर्यंतच मुख्य, बाहेर साध्या हवेत आलं की फळ पुन्हा पिकायला लागतं आणि घरी टेबलावर ठेवलं तर लवकरच पिठूळ होतं. वन-एमसीपीचा परिणाम मात्र फळाबरोबर दुकानात आणि घरापर्यंत येतो, म्हणून तो कडकपणा बराच टिकतो. बरीच मोठी गोदामं दोन्ही एकत्र वापरतात. बुरशी मात्र वन-एमसीपीने थांबत नाही, आणि सुगंध दोन्हीत थोडा कमी होतो, हे मान्यच करायला हवं. पेअरला वन-एमसीपी जास्त झालं तर ते नंतर मऊच पडत नाही, दगडासारखं राहतं, कारण त्याला खाण्याआधी पिकायचं असतं, सफरचंदाला करकरीतच राहायचं असतं.

आपल्या फळाला काय केलंय ते बघून कळत नाही आणि स्टिकरवरही सहसा नसतं. म्हणून सगळी सफरचंदं नुसती सीएमधली आहेत असं धरूनच वागा, आणली की सरळ फ्रीजमधे, आणि केळ्यांच्या टोपलीत अजिबात नको, पिकणारी केळी भरपूर इथिलीन सोडतात.